फोकस बसेपर्यंत

आम्ही तीन भावंडं. मी थोरली, मग मधला, मग धाकटी. मधल्याला घरात सगळे मधलाच म्हणतात, आणि तो फुटबॉलही मैदानाच्या मधल्या पट्ट्यात खेळतो, म्हणून पाहुण्यांना मोठी गंमत वाटते. वाटू दे. त्याची घरातली आणि मैदानातली जागा एकच आहे, हे मी कुणालाही पटवून देईन.

आमचे आईबाबा भांडत नसत, अबोला धरत. आई स्वयंपाकघरात, बाबा बाहेरच्या खोलीत, आणि दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मधल्याचं अभ्यासाचं टेबल. आई आतून म्हणायची, बाबांना विचार, जेवणार आहेत का. बाबा बाहेरून म्हणायचे, आईला सांग, भूक नाही. दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू यायचं, पण निरोप मधल्यानेच पोचवायचा असा दंडक होता. त्याने निरोप जरा वेळ तोंडात धरून ठेवला की दोन्हीकडून बोलणी बसत. म्हणून तो आलेला निरोप त्याच दमात पुढे ढकलायला शिकला, वहीतून मान वर न करता. पुढे पुढे तर निरोप निघायच्या आतच पोचवायला लागला. बाबांची खुर्ची करकरली की आईला सांगून मोकळा व्हायचा, वाढ म्हणून.

क्लबच्या मैदानावर त्याने वेगळं काहीच केलं नाही. चेंडू त्याच्याकडे यायचा आणि आला म्हणेपर्यंत गेलेलाही असायचा, तोही नेमका अशा ठिकाणी, जिथे आपला माणूस अजून पोचलेला नाही पण आता पोचणार आहे. समोरचे दोघे-तिघे त्याच्या अंगावर धावून यायचे आणि रिकाम्या पायांशी येऊन थांबायचे. ते थोडे वेड्यासारखे दिसत. मला हे बघायला फार आवडायचं. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यात इतका निखळ आनंद दुसऱ्या कशाने दिलेला नाही, आणि त्यात माझं पुढे झालेलं लग्नही धरते.

त्या क्लबचे कोच गुडघेदुखीचे जुने रोगी. मी औषधाच्या दुकानात बसते, तिथे ते मलम न्यायला यायचे. बोलायचे कमी, पण एकदा मलम खिशात टाकता टाकता म्हणाले की तुझ्या भावाला मी शिकवत नाही, फक्त बिघडू नये एवढं बघतो. मधल्याला अठरा पूर्ण झाली तेव्हा त्यांनी त्याला त्याच क्लबचा करार मिळवून दिला. क्लब दुसऱ्या श्रेणीतला, करार एका हंगामाचा. हंगाम संपेपर्यंत पहिल्या अकरांत जागा पक्की झाली तर पुढचा करार आणि फुटबॉल. नाही तर बाबांच्या ओळखीने विम्याच्या ऑफिसात चिकटायचं, हे घरात आधीच ठरलेलं होतं. मधल्याला विमा म्हटलं की अंगावर काटा यायचा. त्याला दुसरं काही नकोच होतं, मधल्या पट्ट्यात खेळायचं होतं.

आमच्या घरात मात्र या खेळाचं काय करावं हेच कुणाला कळेना. पहिल्या सामन्याला आम्ही सगळे नटूनथटून गेलो. सामना संपल्यावर बाबांनी मला हळूच विचारलं, तो मैदानात होता ना? पूर्ण वेळ होता, मी म्हटलं. मग दिसला कसा नाही? चेंडू ज्याच्या पायाशी तो खेळाडू, अशी बाबांची समजूत, आणि चेंडू मधल्याच्या पायाशी कधी टिकायचाच नाही. आईने तर पूर्ण वेळ डोळे मिटून त्याच्या नडगीची काळजी केली. नातेवाइकांना एकच प्रश्न ठाऊक, गोल किती मारले. एकही नाही म्हटलं की ते अशा सुरात 'होईल हो सगळं नीट' म्हणत, की जणू पोरगं परीक्षेत आपटलंय.

या प्रसंगी मामा धावून आला. कुणी बोलावलं नव्हतं, पण मामाला बोलवावं लागत नाही.

आमचा मामा लग्नाचे व्हिडिओ काढतो. धंद्यात त्याचं नाव आहे, नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या जोडप्यांनी एकमेकांकडे कधीतरी तसं पाहिलं होतं, याचा पुरावा फक्त मामाकडे आहे. त्याचा नियम एकच, ज्याचं लग्न त्याच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलवायचा नाही. मांडव कोसळला तरी नाही. त्याचा कॅमेराही त्याच्याच वयाचा, दणकट आणि हट्टी. भाच्याला जग ओळखत नाही याचं कारण त्याला एका सामन्यात सापडलं. पोराचा व्हिडिओ नाही, हे ते कारण.

मग तो दर सामन्याला कुंपणाला चिकटून उभा राहायला लागला, खांद्यावर कॅमेरा आणि डोक्यावर उन्हाची टोपी. पंधरवड्यात पहिला व्हिडिओ तयार झाला आणि आमच्या बाहेरच्या खोलीत त्याचा सोहळा झाला. दिवे घालवले, पडदे ओढले. ढोल वाजले, धुक्यातून मधल्याचा चेहरा वर आला. मग मधला धावतोय, अगदी संथ. घाम गालावरून ओघळतोय, त्याहून संथ. केस उडतायत. पाय उचलला, चेंडूला लागला, चेंडू चौकटीबाहेर गेला, आणि कॅमेरा? कॅमेरा मधल्याच्या चेहऱ्यावर. पुन्हा चेंडू आला, पुन्हा गेला, पुन्हा चेहरा. अख्ख्या व्हिडिओत मधल्याने मारलेला एकही पास कुणापर्यंत पोचत नव्हता. बघणाऱ्याला वाटावं, हा देखणा मुलगा घाम पुसत पुसत दिवसभर चेंडू हरवतो.

मी विचारलं, "मामा, चेंडू कुठे गेला?"

"चेंडूचं काय करायचंय?" मामा म्हणाला. "लोक नवरदेव बघतात. त्याने फेकलेली फुलं कुठे पडली हे कोण बघतं?"

आणि गंमत म्हणजे बाबा रडले. खिशातून रुमाल काढून रीतसर रडले. त्यांना त्यांचा मुलगा खेळताना पहिल्यांदा दिसला होता. आईनेही डोळे उघडून शेवटपर्यंत पाहिलं, कारण मामाच्या व्हिडिओत कुणीच कुणाच्या नडगीवर लाथ मारत नव्हतं. धाकटीने तो मोबाइलवरून जगभर सोडला. मी एकटीच तोंड वाकडं करून बसले, म्हणून मला खडूस ठरवण्यात आलं. ते आधीपासून ठरलेलंच होतं, एवढंच.

मामाला एकच खंत होती. चेंडू आणि मधला एकत्र चौकटीत येतात न येतात तोच चेंडू पसार. त्याच्या कॅमेऱ्याला फोकस बसवायला जरा वेळ लागतो, आणि तो बसेपर्यंत मधला निरोप पोचवून मोकळा. सगळे चांगले क्षण धुरकट यायचे. तेव्हा मामाने भाच्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि प्रेमाने सांगितलं, "चेंडू आला की जरा थांबत जा राजा. फार नाही. फोकस बसेपर्यंत."

मधल्याने आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. मामाला तर नाहीच, त्याने पहिले बूट आणून दिले होते. तो थांबायला लागला.

किती थांबायचा? डोळा लवेल न लवेल इतकाच. घरी बसून बघणाऱ्याला कळणारही नाही. पण त्या तेवढ्या वेळात समोरचा माणूस येऊन पोचायचा. मग मधल्याला वळावं लागे, चेंडू लपवावा लागे, कधी एखाद्याला हूल द्यावी लागे. हे सगळं चौकटीत झकास यायचं. आणि तिकडे, चौकटीबाहेर, जो खेळाडू योग्य जागी धावत गेला होता तो हात पसरून उभा राहायचा आणि परत फिरायचा. त्याला मामाने कधी टिपलं नाही.

एके दिवशी कोच दुकानात आले, मलम घेतलं आणि गेलेच नाहीत. काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले. म्हणाले, पोराला झालंय काय? दुखतंय का कुठे? प्रेमात पडलाय का? मी म्हटलं, प्रेमात नाही, फोकसमध्ये पडलाय, आणि सगळं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की पस्तीस वर्षं मी या धंद्यात आहे, दारूने गेलेले पाहिलेत, गुडघ्याने गेलेले पाहिलेत, बायकोच्या भावाने गेलेलाही एक पाहिलाय, पण हे नवीन आहे.

मी त्याच रविवारी मामाला आमच्या घरी गाठलं आणि सरळ म्हटलं, त्याला थांबायला सांगू नकोस. मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फुटबॉलमधलं मला काय कळतं असं त्याने मला विचारलं. तुला काय कळतं, मी विचारलं. आईने डोळे वटारले, भावाचा अपमान तिला खपत नाही. बाबा आयुष्यात पहिल्यांदा मेव्हण्याच्या बाजूने बोलले. इतकी वर्षं पोरगं दिसत नव्हतं, आता दिसतंय, तर तुझ्या का पोटात दुखतंय? मधला तिथेच बसला होता. आईकडून बाबांकडे, बाबांकडून माझ्याकडे, माझ्याकडून मामाकडे असा बघत होता. मी म्हटलं, तू बोल की. तो म्हणाला, "मामाचंही बरोबर आहे, ताई." मग मामाकडे वळून म्हणाला, "ताई म्हणते त्यातही अर्थ आहे." निरोप पोचले. त्याचं स्वतःचं असं त्यात काही नव्हतं.

तोवर व्हिडिओचं भलतंच झालं होतं. मधल्याच्या केसांवर वेगळ्या चर्चा सुरू झाल्या. टीव्हीवर दोन जाडे माजी खेळाडू येऊन बसले आणि मामाचा व्हिडिओ मागेपुढे करून दाखवायला लागले. बघा, चेंडू आला आणि मुलगा थांबला. या वयात हा संयम! भोवती इतकी गर्दी, आणि हा कसा शांत. जगाने घाई करावी, याच्याकडे वेळ आहे. मी माझ्या खोलीत कपाळावर हात मारून घेतला. मामाच्या कॅमेऱ्याची भिंग फिरवणारी जुनाट मोटर, तिला हे दोघे संयम म्हणत होते. त्यांच्यापाठोपाठ बाकीचेही म्हणायला लागले, आणि मग अर्थातच ते खरं झालं.

हंगाम संपायला आला तेव्हा एका बड्या क्लबातून मामाला फोन आला. पहिल्या श्रेणीतला क्लब, ज्याच्या टोप्या घालून आमच्या गल्लीतली माणसं दूध आणायला जातात तो. फोनवरच्या साहेबांनी मधल्याचा एकही सामना मैदानावर जाऊन पाहिला नव्हता, पण व्हिडिओ पाहिला होता, ढोलासकट. ते म्हणाले, आमच्याकडे पास देणारे ढीगभर आहेत, आम्हाला असा शांत मुलगा हवा. मामाने फोन ठेवला आणि आईच्या पाया पडला, का ते त्यालाही माहीत नसावं.

त्याच आठवड्यात कोच सरांनी मधल्याला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. थांबायचं सोड, मामाला कुंपणापासून लांब ठेव, पुढच्या हंगामात मधली जागा तुझी. दोन वर्षं माझ्याकडे खेळ, मग जिथे जायचं तिथे जा. तिकडे आत्ता गेलास तर खेळणार नाहीस, बसशील.

म्हणजे त्याला जे हवं होतं, तेच कोणीतरी त्याच्या हातात ठेवलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

घरात बैठका झाल्या. मामा, बाबा, आई, मामाचे मित्र, बाबांच्या ऑफिसातले एक जण, ज्यांनी तरुणपणी कॅरममध्ये बक्षीस मिळवलं होतं, असे सगळे बोलले. मधला प्रत्येकाचं ऐकायचा आणि दुसऱ्याला सांगायचा. शेवटी जिन्यात माझ्या शेजारी येऊन बसला. दुपार होती, खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं. त्याने विचारलं, काय करू.

मी म्हटलं, "राहा. सरांकडे राहा. तुला खेळायचंय ना?"

"हो."

"मग आत जा आणि तेवढंच सांग."

तो उठला, आत गेला. मी कान टवकारले. त्याचा आवाज आला, "ताई म्हणते, सरांकडे राहा." मामा काहीतरी म्हणाला, बाबा काहीतरी म्हणाले. थोड्या वेळाने तो परत जिन्यात आला आणि म्हणाला, "मामा म्हणतो, अशी संधी पुन्हा येत नाही." मला त्याच्या एक मुस्कटात द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सही केली.

बड्या क्लबात सगळं बडं. त्याच्या कपाटावर त्याचा फोटो, त्याच्या टॉवेलवर त्याचा नंबर. त्याच्या पोटरीला कधी किती वेळ बर्फ लावायचा हे ठरवणारा एक पगारी माणूस. फक्त खेळायला मिळेना. तिथल्या कोचना पहिल्याच सरावात कळून चुकलं असावं की त्यांनी काय आणलंय, पण साहेबांनी आणलेला माणूस, परत कसा करणार? त्यांनी त्याला बाकावर बसवलं.

आणि आमच्या घरात आनंदीआनंद. कारण टीव्हीवाल्यांनाही तो चेहरा आवडला होता. सामना रेंगाळला की कॅमेरा बाकाकडे जायचा, आणि मधला अख्ख्या पडद्यावर दिसायचा, पाण्याची बाटली हातात, केस नीट बसलेले. मैदानावर धावणारे बावीस जण मुंग्यांएवढे, आणि आमचा बसलेला मुलगा भिंतीएवढा. बाबा शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावून दाखवायचे. मामा म्हणायचा की बघा, हे खरे व्यावसायिक, कॅमेरा कसा धरायचा ते यांना कळतं. एकाही माणसाने असं विचारलं नाही, की हा उठणार कधी.

मधला मला फोन करायचा. सुरुवातीला म्हणायचा, पुढच्या आठवड्यात नक्की. मग म्हणायचा, बघू. मग खेळाबद्दल बोलणंच बंद झालं आणि आम्ही हवामानावर आलो.

हंगामाच्या उत्तरार्धात एका शनिवारी दुपारी त्यांच्या मधल्या फळीतला एक जण लंगडत बाहेर आला, दुसरा आधीच आजारी होता, आणि कोचना नाइलाजाने मधल्याला उठवावं लागलं. आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. मी दारात उभी होते. मनात एकच होतं, की थांबू नकोस रे.

पहिला चेंडू त्याच्याकडे आला. उजवीकडे त्यांचा एक खेळाडू सुसाट निघाला होता, मोकळं मैदान होतं, आणि मला आमच्या घरातून जे दिसलं ते मधल्याला दिसलं नसेल असं होणारच नाही. त्याने मान उचलून तिकडे पाहिलंही. आणि थांबला.

डोळा लवेल न लवेल इतकाच. एकाने मागून येऊन चेंडू काढून नेला, दोघांनी मिळून पुढे नेला, आणि गोल. मैदानभर लोक ओरडले. पडद्यावर मधल्याचा चेहरा आला आणि बराच वेळ राहिला. तो गोलाकडे बघत नव्हता, स्वतःच्या पायांकडे बघत होता. पाचेक मिनिटांनी त्याला बाहेर काढलं. आत जाऊन परत बाहेर येणं, याहून वाईट शिक्षा या खेळात नाही असं मी ऐकून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. सगळे जेवणघरात होते. मी फोन घेऊन खिडकीपाशी गेले. काही विचारायला धीर होईना, म्हणून झोप लागली का असं काहीतरी विचारलं.

तो म्हणाला, "ताई, मी थांबत नाही गं. थांबलं जातं."

मी म्हटलं, सरावाने जाईल, जसं आलं तसं जाईल.

"सरावातही होतं. एकटा भिंतीवर चेंडू मारतो तेव्हासुद्धा. तो कुठे द्यायचा ते आधी दिसतं मला, अजूनही दिसतं. पण पाय ऐकत नाहीत."

मी विचारलं, आपल्या सरांना फोन केलास का? त्याने केला होता. सरांनी विचारपूस केली, गुडघ्याचं सांगितलं. त्यांच्या मधल्या पट्ट्यात आता दुसरा मुलगा आहे. चांगला आहे, चेंडू ठेवत नाही. ये कधीतरी सामना बघायला, असं ते म्हणाले. इथल्या साहेबांनीही सकाळी बोलावलं होतं. करार आहे तोवर बसायचं, पुढे बघू, म्हणजे काय ते त्यालाही कळलं होतं. हे सगळं त्याने मला हवामान सांगावं तसं सांगितलं, आणि मग रडायला लागला. मी त्याला लहानपणीसुद्धा रडताना फारसं पाहिलेलं नाही. मीही रडत होते.

तेवढ्यात मामा हात पुसत आला आणि मधल्याचा आहे का म्हणत फोन माझ्या हातातून घेतला. मी त्याला अडवायला गेले, पण तो बोलायलाही लागला होता, मोठ्याने, प्रेमाने, अगदी मनापासून.

"अरे, काल किती वेळ होतास स्क्रीनवर! पण चेहरा फार पाडलास रे. असं करू नये. पुढच्या वेळी मान जरा वर ठेव, उजेड चेहऱ्यावर येतो. काय?"

मी फोनला दुसऱ्या बाजूने कान लावला. मी मनातल्या मनात त्याला हात जोडले, की बाबा रे, आज एकदा तरी नाही म्हण.

"हो मामा," मधला म्हणाला.